तीन पिढ्या, एक आरव्ही: लास व्हेगसहून यूटा आणि ग्रँड कॅन्यनचा प्रवास

आई-बाबा २०२४ च्या ऑगस्टमध्ये आमच्याकडे ह्यूस्टनला येणार हे फेब्रुवारीतच ठरले होते. आईचे गुडघे दुखतात, बाबांना मधुमेहामुळे वेळच्या वेळी जेवावे लागते, मुलगा सहा वर्षांचा आणि मुलगी त्या वर्षी नुकतीच चौथीत जाणार होती. अशा सहा जणांनी रोज नव्या हॉटेलात उतरायचे, रोज सामान बांधायचे आणि जेवणासाठी रोज शोधाशोध करायची, ही कल्पनाच नकोशी वाटत होती. स्वयंपाकघर, अंथरूण आणि स्वच्छतागृह आपल्याबरोबरच चालेल अशा आरव्हीचा विचार त्यातून पुढे आला. या विषयावर माहिती भरपूर आहे, परंतु ती बहुतेक अनुभवी जोडप्यांसाठी लिहिलेली असते. वयस्क आई-वडील आणि लहान मुले बरोबर असताना नेमके काय करावे लागते हे सलगपणे कोठे सापडले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न कोठे जायचे हा होता. यलोस्टोनचे आकर्षण सर्वांनाच होते, पण मुलीच्या शाळेच्या सोयीने आम्हाला ऑक्टोबरच जमणार होता आणि तोपर्यंत तेथील बहुतेक सोयी बंद होऊ लागतात. ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्यावरील सोयीही त्या वर्षी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालू होत्या. दक्षिण यूटाची उद्याने आणि ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा मात्र याच महिन्यात सर्वांत सुखद असतात. उन्हाळ्याचा दाह उतरलेला असतो आणि बर्फ अजून दूर असते. लास व्हेगसहून निघून झायन, ब्राइस कॅन्यन, कॅपिटल रीफ, आर्चेस, मॉन्युमेंट व्हॅली आणि ग्रँड कॅन्यन असा सुमारे १,२०० मैलांचा वळसा घेऊन पुन्हा लास व्हेगसला यायचे, असे ठरले. एका दिवसात फार तर चार तास गाडी चालवायची आणि शक्य तेथे दोन रात्री मुक्काम करायचा, हा नियम आम्ही सुरुवातीलाच घालून घेतला. पुढे अनेक मोह त्यामुळेच टाळता आले.

यानंतरचा क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक लोक आधी गाडी ठरवतात आणि मग मुक्कामाच्या जागा शोधतात. माझ्या मते हे उलट करावे, कारण जागेवरूनच गाडीची लांबी ठरते. ग्रँड कॅन्यनच्या मेदर कॅम्पग्राउंडमध्ये ३० फुटांपेक्षा लांब वाहन घेत नाहीत. इतर उद्यानांतही प्रत्येक जागेची लांबी वेगळी असते आणि ती आरक्षणाच्या पानावर लिहिलेली असते. ही सगळी मापे पाहिल्यावर २५ फुटांच्या आसपासची, चालकाच्या डोक्यावर बिछाना असलेली ‘क्लास सी’ गाडी आम्हाला योग्य वाटली. सहा जण झोपू शकतील, एवढ्यावर गाडी ठरवू नये. सहा जणांसाठी सीटबेल्ट आहेत का आणि मुलांच्या खुर्च्या जेवणाच्या टेबलाजवळच्या बाकावर नीट बांधता येतात का, हे लेखी विचारून घ्यावे. झोपण्याच्या जागा आणि सीटबेल्ट यांची संख्या नेहमीच सारखी नसते.

राष्ट्रीय उद्यानांतील कॅम्पग्राउंडचे आरक्षण सरकारी संकेतस्थळावर होते आणि आम्हाला हव्या असलेल्या बहुतेक जागा मुक्कामाच्या तारखेच्या बरोबर सहा महिने आधी खुल्या होत असत. वेळ पूर्वेकडील घड्याळाप्रमाणे सकाळी १० ची, म्हणजे आमच्याकडे ९ ची होती. ९ एप्रिलला सकाळी यजमान एका संगणकावर आणि मी दुसऱ्या संगणकावर बसलो. खाते आधीच उघडून ठेवले होते, कार्डाची माहिती भरलेली होती आणि हव्या त्या जागांचे क्रमांक पसंतीच्या क्रमाने कागदावर लिहिलेले होते. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये विजेची सोय असलेली जागा मिळाली, पण पहिल्या दोन पसंतीच्या जागा डोळ्यांदेखत गेल्या. कागदावर पाच-सहा क्रमांक हवेत ते यासाठीच. मेदरची जागा पुढच्या आठवड्यात सहज मिळाली. आर्चेसच्या डेव्हिल्स गार्डन कॅम्पग्राउंडमध्ये मात्र जेमतेम ५१ जागा आहेत आणि त्या खुल्या झाल्या त्या सकाळी आमच्या हाती काहीच लागले नाही. जागा रद्द झाल्यास ईमेलने कळवण्याची सोय त्याच संकेतस्थळावर आहे. ती चालू करून ठेवली आणि मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी सूचना आली. काही मिनिटांत पैसे भरले आणि दोन रात्री मिळाल्या. मनासारखी जागा पहिल्या दिवशी मिळाली नाही, तर मार्ग बदलण्याची घाई करू नये. तारखा जवळ येतात तसतशा जागा रद्द होतच असतात.

गाडी मे महिन्यात ठरवली. भाड्याचा जो आकडा प्रथम दिसतो, त्यावर विसंबून राहू नये. आम्हाला रात्रीमागे १५० डॉलरच्या आसपास भाडे होते, पण त्यावर प्रत्येक मैलाचे पैसे, जनरेटर वापरल्यास त्याचे तासावर भाडे, भांडी व पांघरुणांच्या संचाचे वेगळे शुल्क, गाडी तयार करून देण्याचे शुल्क आणि कर असे सगळे चढत गेले. विम्याचा प्रश्न सर्वांत किचकट होता. आमच्या घरच्या मोटारीच्या विमा कंपनीला आणि क्रेडिट कार्डाच्या बँकेला विचारले, तेव्हा भाड्याच्या आरव्हीला संरक्षण नाही असे दोघांनीही सांगितले. म्हणून भाड्याने देणाऱ्यांकडूनच विमा घ्यावा लागला. तो घेतानाही छताला किंवा गाडीच्या तळाला झालेले नुकसान त्यात येते का हे विचारावे, कारण पुष्कळ योजनांमध्ये ते वगळलेले असते आणि खाली झुकलेल्या फांदीपासून धोका छतालाच असतो. चालवण्यासाठी वेगळा परवाना लागला नाही, नेहमीचा पुरला. आई-बाबांचा प्रवासी आरोग्य विमा आधीच काढलेला होता. त्याचे कागद आणि बाबांच्या औषधांची चिठ्ठी एका पिशवीत घालून ती कायम चालकाच्या मागे टांगून ठेवली.

एक सवलत इथल्या अनेक मराठी पालकांना ठाऊक नसते, म्हणून आवर्जून सांगते. चौथीतील मुलांना १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षभरासाठी राष्ट्रीय उद्यानांचा मोफत पास मिळतो आणि त्या पासावर गाडीतील सगळ्या कुटुंबाला प्रवेश मिळतो. मुलीने संकेतस्थळावर एक छोटी प्रश्नावली भरली आणि कागदी पास छापून घेतला. तेव्हा फोनवरचे चित्र चालत नसे, छापील कागदच लागे. झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन येथे त्या वर्षी प्रत्येक गाडीला ३५ डॉलर, तर आर्चेसला ३० डॉलर शुल्क होते. ते सगळे वाचले आणि प्रत्येक फाटकावर पास दाखवण्याचा मान आपला आहे, याचा मुलीला कोण आनंद झाला. आता मात्र एक बदल लक्षात घ्यावा लागेल. २०२६ पासून झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन यांच्यासह अकरा उद्यानांत अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या पाहुण्यांसाठी माणशी १०० डॉलर जादा शुल्क ठेवण्यात आले आहे आणि त्यांच्यासाठी वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. भारतातून आई-वडील येणार असतील, तर आपल्या गटाला नेमके काय लागू होते हे उद्यानाच्या पानावर तपासूनच अंदाजपत्रक करावे.

८ ऑक्टोबरला दुपारी लास व्हेगसला गाडी ताब्यात घेतली. आधी एक माहितीपट दाखवला, मग एका कर्मचाऱ्याने गाडीभोवती फिरून प्रत्येक झाकण, नळी आणि कळ समजावून सांगितली. या सगळ्याला दोन तास लागले. यजमानांनी पूर्ण समजावणीचे चित्रीकरण केले. पुढे ते वारंवार उपयोगी पडले, कारण ऐकताना सोपे वाटणारे रात्री अंधारात आठवत नाही. गाडीच्या आतील-बाहेरील प्रत्येक जुन्या ओरखड्याचे छायाचित्र घेतले. गाडीची उंची फूट-इंचांत एका चिठ्ठीवर लिहून ती चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवली. पेट्रोल पंपाचे छप्पर, झाडे, बोगदे या सगळ्यांशी गाठ पडताना तीच चिठ्ठी कामी येते.

त्या संध्याकाळी पुढे जाण्याचा मोह टाळून शहराजवळच्याच एका खाजगी आरव्ही पार्कमध्ये, वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागेवर उतरलो. पहिल्या रात्रीसाठी मी हाच सल्ला देईन. हवा अजून तापलेली होती. ३० अँपिअरच्या जोडणीवर वातानुकूलन यंत्र आणि मायक्रोवेव्ह एकाच वेळी चालत नाही, हे तेथे कळले. वीज खटकन गेली आणि कळ पुन्हा वर केल्यावर आली. आईने प्रोपेन वायूच्या शेगडीवर खिचडी लावली. फोडणी करताना छताचा पंखा चालू आणि खिडकी उघडी ठेवली नाही, तर धुराची सूचना देणारे यंत्र लगेच ओरडू लागते. प्रेशर कुकर घरून आणला होता आणि तो आणल्याचे समाधान ब्राइसला, ८,००० फुटांवर भात शिजवताना सर्वांत जास्त वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीला एक काम नेमून दिले. गाडी सुरू होण्यापूर्वी तिने यादी वाचायची आणि प्रत्येकाने आपले काम झाल्याचे सांगायचे. छताची झडप बंद, कप्प्यांच्या कड्या लावलेल्या, फ्रिजचे दार अडकवलेले, विजेची तार व पाण्याची नळी आत, पायरी वर. ही यादी तोंडपाठ झाली असे वाटले, तरी आम्ही ती शेवटच्या दिवसापर्यंत मोठ्याने वाचली. मला विचाराल तर आरव्हीच्या प्रवासातली सर्वांत उपयुक्त सवय ही आहे.

आंतरराज्य महामार्ग १५ ने व्हर्जिन नदीच्या घळईतून जाताना दोन्ही बाजूंना कडे अंगावर येतात आणि ॲरिझोनाचा कोपरा ओलांडून यूटात शिरताना घड्याळ एक तास पुढे जाते. झायनचे वॉचमन कॅम्पग्राउंड माहिती केंद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आरव्ही तेथे एकदा उभी केली, की उद्यान सोडेपर्यंत हलवण्याची गरजच पडत नाही. दरीतला मुख्य रस्ता उद्यानाच्या शटल बसच्या हंगामात खाजगी वाहनांना बंद असतो आणि मोफत शटलमध्ये आईला चढण्या-उतरण्यास काहीच त्रास झाला नाही. शेवटच्या थांब्यावरून नदीकाठाने जाणारी रिव्हरसाइड वॉक ही पक्की, जवळजवळ सपाट पायवाट आहे. जाऊन-येऊन सव्वादोन मैलांची ही वाट आई-बाबांनी बसत-थांबत पूर्ण केली. दोन्ही बाजूंना हजार-दीड हजार फुटांचे तांबडे कडे आणि पायाशी झुळझुळणारे पाणी पाहून बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. नदीत विषारी शेवाळाच्या सूचना लावलेल्या असतात. मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी त्या वाचाव्यात. मुलांनी माहिती केंद्रातून ‘ज्युनियर रेंजर’ची पुस्तिका घेतली, ती भरून दाखवली, शपथ घेतली आणि बिल्ला मिळवला. पुढे प्रत्येक उद्यानात हा कार्यक्रम झाला. मुले उद्यानात रमतील की कंटाळतील या काळजीवर याहून चांगला उपाय मला दिसला नाही. वॉचमनमध्ये जनरेटर चालवता येत नाही, म्हणूनच विजेची जागा घेतली होती. पाणी मात्र आधीच टाकीत भरून घ्यावे लागते, कारण जागेवर पाण्याची जोडणी नाही.

११ ऑक्टोबरला मनावर सर्वाधिक दडपण होते ते बोगद्याचे. झायनहून पूर्वेला जाणारा, १९३० मध्ये पूर्ण झालेला हा बोगदा १.१ मैल लांब आहे आणि त्या काळच्या मोटारींच्या मापाने खोदलेला आहे. ११ फूट ४ इंचांहून उंच किंवा ७ फूट १० इंचांहून रुंद वाहनासाठी १५ डॉलर भरून परवाना घ्यावा लागत असे, आणि आमची गाडी दोन्ही मापांत त्याहून मोठी होती. समोरची वाहतूक रेंजर, म्हणजे उद्यानाचे रक्षक, थांबवून ठेवत आणि मोठी गाडी रस्त्याच्या मधोमध चालवून न्यावी लागे. यजमान चालवत होते आणि मी शेजारी बसून नुसते हात घट्ट धरले होते. बोगद्याच्या भिंतीत कोरलेल्या झरोक्यांतून मधूनच दरी चमकून जाते. बाहेर पडल्यावर मागे आईने मोठ्याने ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हटले आणि मुलांनी तिला साथ दिली. ज्यांना हा मार्ग आखायचा आहे त्यांनी लक्षात ठेवावे, की २०२६ च्या मध्यापासून मोठ्या वाहनांना या रस्त्यावरून जाऊ न देण्याचा निर्णय उद्यानाने जाहीर केला आहे. त्यामुळे आरव्हीला आता वळसा घालून दुसऱ्या रस्त्याने ब्राइस गाठावे लागेल आणि त्या दिवसाचे वेळापत्रक सैल ठेवावे लागेल.

ब्राइसला उद्यानाबाहेरच्या खाजगी पार्कमध्ये उतरलो. खडकांच्या भेगांत पाणी शिरते, रात्री गोठून फुगते, दिवसा वितळते आणि शतकानुशतके हे चालू राहिल्यावर उभे सुळके शिल्लक राहतात. तेथे त्यांना ‘हूडू’ म्हणतात. सनराइज आणि सनसेट या दोन टोकांमधला अर्ध्या मैलाचा कडा पक्का आणि सपाट आहे. आई-बाबा पहाटे तेथे बाकावर बसले आणि आम्ही मुलांना घेऊन क्वीन्स गार्डनच्या वाटेने खाली उतरलो. वर चढताना दम लागतो. उंचीचा परिणाम मुलांपेक्षा मोठ्यांना लवकर जाणवतो, म्हणून भरपूर पाणी घ्यावे. लांब गाड्या काही वाहनतळांवर चालत नाहीत, येथेही शटलच बरी. रात्री पारा शून्याजवळ उतरणार असल्याचे पार्कच्या कार्यालयात सांगितले, तेव्हा पाण्याची नळी काढून आत ठेवली आणि टाकीतले पाणी वापरले. नळी गोठून फुटली, तर खर्च आपलाच. १२ तारखेला दसरा होता. गाडीच्या पुढच्या भागाला हळद-कुंकू वाहिले आणि कागदाची फुले लावली. भाड्याची असली तरी तीच त्या वेळी आमचे घर होती.

ब्राइसहून कॅपिटल रीफकडे जाणारा राज्य महामार्ग १२ हा सगळ्या प्रवासातील सर्वांत देखणा आणि सर्वांत अवघड रस्ता आहे. एस्कलांटे आणि बोल्डर या गावांच्या दरम्यान ‘हॉगबॅक’ नावाची एक अरुंद धार लागते. रस्ता त्या धारेच्या माथ्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंना जमीन खोल उतरते, कडेला कठडा नाही. वारा असेल तर येथे मोठी गाडी घालू नये. आम्ही आदल्या दिवशी हवामानाचा अंदाज पाहिला, सकाळी लवकर निघालो, उतारावर खालच्या गिअरमध्ये राहिलो आणि मागे गाड्या साठल्या की रुंद जागा पाहून त्यांना पुढे जाऊ दिले. आईने डोळे मिटून घेतले होते. पुढे बोल्डर पर्वताच्या ९,६०० फुटांवरील खिंडीत ॲस्पेनच्या झाडांची उरलीसुरली पिवळी पाने पाहिल्यावर तिने ते उघडले.

कॅपिटल रीफबद्दल फार कोणी बोलत नाही आणि मला त्याचे आश्चर्य वाटते, कारण आई-बाबांना सर्वांत जास्त आवडले ते हेच ठिकाण. १८८० च्या दशकात मॉर्मन पंथाच्या वसाहतकारांनी फ्रुटा येथे नदीकाठी फळबागा लावल्या, गाव पुढे उठले, पण बागा उद्यानाने आजही जोपासल्या आहेत. हंगामात खुल्या असलेल्या बागेत शिरून झाडावरची फळे तेथेच खाता येतात, बरोबर न्यायची असल्यास वजन करून पेटीत पैसे टाकायचे. कॅम्पग्राउंड या बागांना लागूनच आहे. त्यात वीज-पाण्याची जोडणी नाही, पण सांडपाणी सोडण्याची सोय आहे. जवळच महामार्ग २४ च्या कडेला प्राचीन फ्रीमाँट संस्कृतीच्या लोकांनी कड्यावर कोरलेल्या आकृती दिसतात आणि तेथे लाकडी पायवाट असल्याने आईलाही अगदी जवळ जाता आले. आम्ही येथे एकच रात्र ठेवली होती. दोन ठेवायला हव्या होत्या.

सांडपाण्याबद्दल स्पष्टपणे लिहिते, कारण आरव्हीबाबत घराघरांत भीती असते ती याचीच. गाडीत तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक स्नान व भांड्यांच्या पाण्याची आणि एक शौचालयाची. रिकामे करताना शौचालयाची टाकी आधी आणि साध्या सांडपाण्याची नंतर सोडायची, म्हणजे त्याच पाण्याने नळी धुतली जाते. वापरून फेकायचे हातमोजे घालावेत, पिण्याच्या पाण्याची नळी पूर्ण वेगळी ठेवावी, शौचालयात लवकर विरघळणारा कागदच वापरावा आणि टाकी रिकामी केल्यावर तीत थोडे पाणी व औषध घालावे. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. सहा जणांत टाक्या आम्ही समजत होतो त्याहून लवकर भरतात, म्हणून स्नानासाठी शक्य तेथे कॅम्पग्राउंडची स्नानगृहे वापरली आणि सांडपाणी सोडण्याच्या प्रत्येक जागेचे, म्हणजे डंप स्टेशनचे, ठिकाण नकाशावर आधीच खुणावले.

१४ ऑक्टोबरला आर्चेस गाठले. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात सकाळी ७ ते दुपारी ४ दरम्यान प्रवेशासाठी वेळेचे आरक्षण लागत होते, पण डेव्हिल्स गार्डनच्या मुक्कामाची पावती असल्यास ते वेगळे घ्यावे लागत नसे. हे नियम दर वर्षी बदलतात, प्रवासाच्या वर्षाचा नियम पाहावा. कॅम्पग्राउंड फाटकापासून १८ मैल आत आहे. तेथे पिण्याचे पाणी आहे, वीज नाही आणि डंप स्टेशनही नाही. म्हणून जवळच्या मोआब गावातच टाक्या रिकाम्या करून, पाणी, प्रोपेन आणि पेट्रोल भरून आत गेलो. पेट्रोल भरताना प्रोपेनची झडप बंद करायची, हेही यादीत होते. या उद्यानात दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत. विंडोज भागातल्या कमानी वाहनतळापासून अगदी जवळ आहेत, त्या आई-बाबांसाठी. लँडस्केप आर्चची ३०६ फुटांची कमान मुक्कामाच्या जागेपासूनच सुरू होणाऱ्या वाटेवर लागते. डेलिकेट आर्चला यजमान आणि मुलगी पहाटे गेले. चढ उघड्या खडकावरचा आहे, सावली नाही आणि वयस्कांना तो झेपण्यासारखा नाही. त्यांच्यासाठी खालच्या बाजूने दुरून दर्शन घेण्याची वेगळी जागा आहे. त्याच दिवसांत त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू सूर्यास्तानंतर पश्चिमेला नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. चांदणे असूनही त्याची शेपटी मुलांना दिसली आणि बाबांनी त्यांना लहानपणी पाहिलेल्या तारामंडळांची नावे मराठीत सांगितली.

मॉन्युमेंट व्हॅलीकडे दक्षिणेला जाताना फोनवरच्या नकाशावर एक धोका आहे. राज्य महामार्ग २६१ वरचा मोकी डगवे हा उतार कच्च्या, तीव्र वळणांचा आहे आणि मोठ्या गाड्यांनी तेथे जाऊ नये असे फलक आहेत. साधा नकाशा हा भेद करत नाही. आम्ही गाडीची उंची, लांबी आणि वजन भरता येईल असा आरव्हीचा वेगळा नकाशा वापरला आणि महामार्ग १९१ व १६३ ने गेलो.

मॉन्युमेंट व्हॅली हे राष्ट्रीय उद्यान नाही. ती नवाहो या मूळनिवासी जमातीच्या लोकांची भूमी आहे आणि तेथे त्यांचे नियम चालतात. चौथीचा पास चालत नाही, माणशी ८ डॉलर शुल्क भरावे लागते. मद्य नेण्यास बंदी आहे आणि रहिवाशांची छायाचित्रे परवानगीशिवाय घेऊ नयेत. दरीतला १७ मैलांचा कच्चा रस्ता आरव्हीला बंद आहे, त्यामुळे नवाहो मार्गदर्शकाबरोबरची सहल आधी ठरवली होती. उघड्या ट्रकऐवजी बंद गाडी मागितली, ती आईच्या गुडघ्यांना आणि पाठीला मानवली. वेळेचाही येथे घोटाळा होऊ शकतो. ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, नवाहो प्रदेश पाळतो आणि फोन सीमेवर सारखा वेळ बदलतो. सहलीची वेळ ठरवताना ‘नवाहो वेळ’ का, हे विचारून घेतले आणि हातातले घड्याळच प्रमाण मानले. १६ ऑक्टोबरला आम्ही पोहोचलो, त्या रात्री कोजागिरी होती. आईने मसाला दूध आटवले आणि ते आम्ही गाडीबाहेर खुर्च्या टाकून प्यालो.

१७ तारखेला कॅमरनमार्गे ग्रँड कॅन्यनच्या पूर्व फाटकाने आत शिरलो. आरव्हीसाठी हे फाटक मला अधिक पसंत आहे, कारण येथे रांग कमी असते आणि पहिलेच दर्शन डेझर्ट व्ह्यूला, वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी रचलेल्या १९३२ च्या दगडी मनोऱ्यापाशी होते. मेदरमध्ये वीज नाही. उंची सुमारे ७,००० फूट असल्याने रात्री हीटर लागतो आणि त्याचा पंखा बॅटरीवर चालतो. जनरेटर सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळेतच लावता येतो, म्हणून संध्याकाळी ती वेळ चुकवू नये. स्नानगृहे, कपडे धुण्याची यंत्रे आणि डंप स्टेशन जवळच आहे. गावात फिरण्यासाठी शटल आहेत आणि हर्मिट रोड तर मार्च ते नोव्हेंबर शटलनेच पाहावा लागतो.

यावापाईच्या भूशास्त्र संग्रहालयाच्या काचेतून समोर ब्रह्मा टेंपल नावाचे शिखर दिसते. विष्णू टेंपल आणि शिव टेंपलही याच दरीत आहेत. भूशास्त्रज्ञ क्लेरन्स डटन यांनी १८८० च्या दशकात येथील शिखरांना देवळांची नावे देण्याची प्रथा रुजवली आणि दरीच्या तळाशी असलेल्या, सुमारे १७० कोटी वर्षांच्या खडकांना विष्णूचेच नाव आहे. संग्रहालयापासून निघणाऱ्या ‘ट्रेल ऑफ टाइम’ या पायवाटेवर प्रत्येक मीटर दहा लाख वर्षांचे आहे आणि वाटेत त्या-त्या काळाचे खडक मांडलेले आहेत. बाबा निवृत्त शिक्षक आहेत. प्रत्येक खडकाला हात लावून, पाटी वाचून, नातवाला समजावत ते एवढे चालले, की शेवटी परतीसाठी शटल घ्यावी लागली. आईला मेदर पॉइंटचा कठडा आवडला, तेथे चाकाची खुर्चीही नेता येते.

१९ ऑक्टोबरला विल्यम्स आणि किंगमनमार्गे लास व्हेगसकडे परतलो. हूवर धरणावर आरव्हीची तपासणी होते, पण ती पाच मिनिटांत झाली. शेवटची रात्र पुन्हा शहराजवळच्या पार्कमध्ये काढली. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पूर्वी परत करायची होती आणि टाक्या रिकाम्या करणे, फरशी पुसणे, फ्रिज आवरणे या कामांना निवांत वेळ लागतो. उरलेली डाळ-तांदळाची पाकिटे आणि मीठ शेजारच्या गाडीतील कुटुंबाला दिले.

विमानभाडे सोडून सगळा खर्च पाच हजार डॉलरच्या आसपास झाला. त्यात गाडीचे भाडे, मैल आणि विमा मिळून निम्म्याहून अधिक, पेट्रोल पाचशेच्या आत आणि मुक्कामाच्या जागा पाचशेच्या थोड्या वर. गाडी गॅलनमागे नऊ मैलांच्या आसपासच गेली. मोठी मोटार आणि हॉटेलच्या दोन खोल्या घेतल्या असत्या, तरी जवळजवळ एवढेच लागले असते. आरव्ही स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. आईला दुपारी हव्या त्या क्षणी आडवे होता आले आणि बाबांचे जेवण एकदाही चुकले नाही, त्यासाठी ती घ्यावी.

गाडी परत करताना पेट्रोलचा काटा, मैलांचा आकडा, जनरेटरचे तास आणि चारी बाजू यांची छायाचित्रे पुन्हा घेतली. हिशेबात जनरेटरचे तास जास्त धरले होते, ते आमच्या छायाचित्रांवरून लगेच दुरुस्त झाले. अडवून ठेवलेली ठेवीची रक्कम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कार्डावर परत जमा झाली. तोवर डंप स्टेशनच्या, पेट्रोलच्या आणि प्रोपेनच्या सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवल्या होत्या.